बांधावरची वीस पावलं

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा तरी मिठावर प्रवचन होतंच. प्रभूने शिष्यांना पृथ्वीचं मीठ म्हटलं, तेव्हा आपणही मिठासारखं व्हावं, असं पाळकसाहेब रंगून सांगतात. ते घाटावरचे. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, साहेब, एकदा आमच्या गावात येऊन हे सांगून दाखवा.

आमचं गाव अलिबाग तालुक्यातलं, खाडीच्या काठचं. मांडव्याला लाँच पकडायला निघालेल्या मुंबईकरांच्या गाड्या वरच्या रस्त्याने सुसाट जातात, त्यांना खालची आमची भातशेती दिसतही नाही. ही शेती भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध, बाकी काही नाही. खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचा दाणा दिसत नाही. त्यामुळे मीठ म्हटलं की आमचे लोक आधी बांधाकडे बघतात. शेजारच्या वहिनींना मी एकदा मोठ्या उत्साहाने ते मिठाचं वचन समजावून सांगितलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, “बाई, मीठ डब्यान चांगला, शेतान न्हाय.” पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं मी, पण माझा धडा इतक्या थोडक्यात कुणी खोडून काढला नव्हता.

शाळेमुळे मी साऱ्या गावाची बाई. गावात ख्रिस्ती घर एकच, ते माझं. नवरा गेला तेव्हा त्याच्या मागे अठरा गुंठे भातशेती राहिली आणि तिच्याबरोबर बांधावरची वीस पावलं. ही वीस पावलं म्हणजे काय ते सांगते. कागदावर बांध कुणाचाही असो, भरती कागद वाचत नाही. म्हणून आमच्याकडे जुन्या काळापासून जोळ आहे. ज्याची शेती बांधाच्या आत, त्याच्या घरटी एक माणूस जोळात. प्रत्येकाला बांधाचा एकेक तुकडा पावलांनी मोजून दिलेला असतो. तो त्याने सांभाळायचा, आणि कुठेही खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की हातातलं काम टाकून सगळ्यांनी धावायचं.

नवऱ्यामागे माझा तुकडा दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं चाललं होतं. एकटं बाईमाणूस, त्यातून मास्तरीण, चिखलात काय उतरणार, असं म्हणणं. मी अशी काही भांडले की जोळाचे म्होरके, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते शेवटी हात जोडून म्हणाले, “घ्या बाई, पन आता डोका नका खाऊ.” त्यानंतर चार वर्षं मी तो तुकडा पाटीसारखा लख्ख ठेवला. शेजारचा तुकडा वहिनींचा. तो नेहमी खचलेला, गवत माजलेलं. जाता-येता मी नाक वर करून बघत असे. बायबलातल्या त्या गर्विष्ठ परूश्यासारखं म्हणायचं झालं तर, देवा, मी या वहिनीसारखी नाही म्हणून तुझे आभार मानते, असंच ते होतं. फक्त मी ते मोठ्याने म्हणत नव्हते.

बांधाचा खरा वैरी भरती नव्हे, चिंबोरी. हा मोठा खेकडा बांधाच्या पोटात बीळ करतो, त्यातून पाणी आधी पाझरतं, मग वाहतं, मग बांधच घेऊन जातं. म्हणून जोळाचा पहिला नियम असा की बीळ दिसलं की तिथल्या तिथे चिखल कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक.

त्या भाद्रपदात माझ्या तुकड्याच्या अगदी टोकाला, वहिनींच्या हद्दीला लागून, एक बीळ दिसलं. तोंडाशी ताजी माती आणि आत दोन डोळे. चिंबोरी एवढी थोरली की तिची नांगी माझ्या मनगटाएवढी. मी चिखलाचा गोळा उचलला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अमावास्या आठ दिवसांवर होती. अमावास्येची चिंबोरी मांसाने भरलेली असते, त्याआधी धरली तर नुसती कवचं चोखायची, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हटलं, आठ दिवस राहू दे. गोळा परत टाकला, बिळावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून गवताची पेंडी ठेवली आणि घरी येऊन वाटणाला खोबरं पुरेसं आहे ना ते पाहिलं. अमावास्येला चिंबोरी भरते आणि अमावास्येलाच खाडीला उधाण येतं, ही दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ होती. पण माझ्या डोक्यात ती एकमेकांशेजारी कधी आलीच नाहीत.

अमावास्येला पाहुणे आले, चिंबोरी राहून गेली. दुसरा दिवस रविवार, त्यातून घटस्थापना. इकडे मी चर्चला जायची म्हणून खळीची पांढरी साडी नेसून अलिबागच्या विक्रम रिक्षाची वाट बघत उभी, तिकडे वहिनी अंगणात घटासाठी माती चाळत होत्या. जेमतेम उजाडलं होतं. एवढ्यात बांधाकडून हाळी आली, “खांड पडली.” वहिनी चाळण टाकून धावल्या. साडी बदलायचं मला सुचलंच नाही. शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी, बैल विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण त्याला बाहेर काढणार नाही, असं प्रभूने विचारलं होतं. त्याचं उत्तर देत मी चिखलातून पळत होते.

रात्रीच्या भरतीने काम केलं होतं. बैलगाडी जाईल एवढं भगदाड, आणि ते नेमकं माझ्या आणि वहिनींच्या हद्दीवर. ओहोटी होती म्हणून आत शिरलेलं पाणी परत खाडीत चाललं होतं. कडेच्या चार शेतांत गढूळ पाणी साचलं होतं, पण मागचं सगळं भात अजून कोरडं, दाणा भरत आलेलं. दुपारी साडेबाराची भरती कालच्यापेक्षाही मोठी असणार होती. तोवर खांड बुजली तर गाव वाचलं, नाही तर यंदाचं भात तर जाणारच, पुढची दोन-तीन वर्षंही जाणार. दादांनी एवढंच सांगितलं आणि कमरेला टॉवेल बांधून खाली उतरले.

भगदाडाच्या दोन्ही बाजूंनी मेढी ठोकल्या, त्यांच्यामध्ये पेंढा रचला आणि माणसांची रांग लागली. मागच्या खड्ड्यातून चिखलाचा गोळा निघायचा आणि हातोहात पुढे यायचा. मी वहिनींच्या शेजारी. पहिला तास नुसते गोळे पुढे सरकत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, “यो तुकडा कोनाचा, ता बगा आदी.” आणि सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या. त्यांच्या तुकड्याची ख्याती गावाला ठाऊक होतीच. एकाने बोल लावला, दुसऱ्याने त्याची री ओढली, तिसरा म्हणाला, असल्यांना जोळात ठेवूच नये. वहिनींनी मान खाली घातली. त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं. “मी परवा येनार व्हते बगाला, न्हाय जमला,” एवढंच त्या पुटपुटल्या.

दादांनी मला विचारलं, “बाई, तुमचे बाजूला काय दिसला व्हता का?”

मी म्हटलं, “नाही.”

इतकं सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. कोंबडा वगैरे काही आरवला नाही. पुढचा गोळा आला, मी तो वहिनींच्या हातात दिला, त्यांनी पुढे दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मान वर करायची मला भीती वाटत होती. प्रभूचा पट्टशिष्य पेत्र, त्याने कोंबडा आरवायच्या आत त्या अंगणात तीनदा प्रभूला नाकारलं, ते मी रविवारशाळेत पोरांना कितीदा सांगितलं असेल, आणि दर वेळी मला पेत्राचा राग यायचा. एवढा मोठा माणूस, एका मोलकरणीला भ्याला. मी तर चार वर्षं लख्ख ठेवलेल्या वीस पावलांना भीत होते. मी खरं बोलले तर ती जाणार, आणि सगळे म्हणणार, आम्ही सांगत नव्हतो का.

आणखी किती गोळे हातातून गेले कोण जाणे. मग वहिनींचा पाय घसरला, त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “तुमची साडी गेली बाई, माझे पायी.” मला ते सोसवलं नाही. मी हातातला गोळा खाली टाकला आणि मोठ्याने, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, “बीळ माझ्या बाजूला होतं. आठ दिवस मला ठाऊक होतं. चिंबोरी भरायची म्हणून मी बुजवलं नाही, वर पेंडी ठेवून झाकलं. आणि आत्ता दादांशी खोटं बोलले. वहिनींचा यात काही दोष नाही.”

रांग थांबली. मला वाटलं आता शिव्या येणार, आणि यायलाच हव्या होत्या. दादांनी खाडीकडे पाहिलं. पाणी वळलं होतं, मेढींच्या बुडाशी भोवरे फिरू लागले होते. ते म्हणाले, “बोलाचा ता मागशी बोलू. पानी बोलाला थांबत न्हाय. बाई, गोला उचला.”

मी गोळा उचलला. त्या क्षणापासून माझ्या अंगात जे बळ आलं ते कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे आणि ते सांगायला मी लाजत नाही. पापाची कबुली दिली की माणूस हलका होतो, असं प्रार्थनेत आम्ही म्हणतो. पण हलकं झाल्यावर माणूस दुप्पट चिखल वाहू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साडेदहाला पाणी पेंढ्याला लागलं. अकराला चिखल टाकला की धुऊन जाऊ लागला. दादा ओरडले, “आडवे व्हा,” आणि आम्ही दहा-बारा जण खाडीच्या बाजूला उतरून, हातात हात अडकवून, भगदाडासमोर पाठी लावून उभे राहिलो, म्हणजे पाण्याचा जोर आमच्यावर मोडावा आणि मागचा चिखल धरावा. संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो की खिंडारात माझ्यासमोर उभा राहील असा माणूस मी शोधला. मी ते नेहमी उपमा म्हणून वाचलं होतं. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा कळलं की ते लिहिणाऱ्याने कुठेतरी असा बांध पाहिला असणार.

मी गाऊ लागले. आमचं चर्चमधलं उपकारस्तुतीचं गीत, त्या वेळी अलिबागला तेच चाललं असेल. शब्द कुणालाच येत नव्हते, पण ठेका सगळ्यांनी उचलला आणि मागची माणसं त्या ठेक्यावर गोळे हाणू लागली. देवीचा घट मांडणारे, पितरांना पान वाढणारे हात आणि माझे हात एकाच चिखलाने माखले होते. सव्वाबाराला दादांनी आम्हाला वर ओढलं. साडेबाराला भरती आली. नव्या बांधाच्या माथ्याच्या एक वीतभर खाली येऊन थांबली, तिथे बराच वेळ चाचपत राहिली आणि मग मागे सरली. आतलं भात वाऱ्यावर हलत होतं. म्हाताऱ्या बायकासुद्धा नाचल्या. मी आयुष्यात पुष्कळ ईस्टर पाहिले, पण तसा आनंद मला पुन्हा झालेला नाही.

खांड बुजली की त्याच दिवशी सगळ्यांसमोर बांध पुन्हा वाटायचा, ही आमच्याकडची रीत. दादा पुढे, बाकी सगळे मागे. मी सर्वांत शेवटी. माझी वीस पावलं आता गेली हे मी धरूनच चालले होते, आणि त्यात अन्याय नव्हता. त्या जागेशी दादा आले, मोजत चालले आणि म्हणाले, “ही वीस बाईंची.”

“दादा, आवो तिथनंच तं पानी आला,” कुणीतरी म्हणालं.

“म्हनूनच,” दादा म्हणाले. “आता बीळ दिसला का या बाईला झोप लागाची न्हाय. असा राखनदार मना गावान दुसरा दाखव.”

पेत्र चुकला, त्यानंतरच प्रभूने आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हवाली केली. याला मी क्षमा म्हणत असे. त्या दुपारी समजलं की क्षमा फार लहान शब्द आहे. मला तिथे रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि त्याची लाज वाटली नाही.

“दादा,” मी म्हटलं, “वीस नको, पंचवीस द्या.”

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “माझी पाच द्या त्यांना. मना काय, बरा झाला.” दादा त्यांच्या हद्दीत पाच पावलं चालले आणि टाचेने खूण केली. खांड बुजवलेला वहिनींकडचा ओला, कच्चा चिखलही त्या पाच पावलांत आला. सर्वांत आधी फुटेल तर तोच. तो आता सगळा माझा आहे.