झाकून ठेवलेलं ताट

मंगरूळपीरच्या कोर्टात फारकत झाली आणि नवरा आमच्या पोराच्या मोटरसायकलवर बसून निघून गेला. पोरानंही वळून पाहिलं नाही.

मी बसनं आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला भाड्याच्या खोलीवर आले. सवयीनं चार भाकरी थापल्या, ताट झाकलं आणि बसून राहिले. चाळीस वर्षांत मी त्याच्या आधी कधी जेवले नव्हते.

शेजारीण दारात आली. "कोनाची वाट पाहून राह्यली वं? त्याले वाढाले आता दुसरी हाय. तू जेव."

भाकरी गार झाल्या होत्या. मी नवी एक भाजली आणि गरमच खाल्ली. सगळी संपवली.

 आता मी सत्तरीची आहे. अजून एकटीच राहते, पण भूक लागली की जेवते.