जैनाबादचा मिस्त्री

“मिस्त्री कच्चाच होता म्हणायचा. पाय ठेवला की माणूस आपोआप कोपऱ्याकडे चालायला लागतं.”

आत्याच्या तेराव्याला, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून हात धुऊन बाहेर येताना शेजारच्या सुनंदाकाकू हे बोलल्या. कुणाला टोचावं म्हणून नाही, सहजच. पप्पा खोलीच्या दाराशी सतरंजीवर बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “जैनाबादचा होता. तसाच होता तो.” मी जिन्याशी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. मम्मीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. कारण नदीपलीकडच्या जैनाबादचा असा कोणी मिस्त्री नव्हता. तापीच्या अलीकडे नव्हता आणि पलीकडेही नव्हता. बाथरूमची ती फरशी माझ्या आत्यानं बसवली होती, पदर खोचून, गुडघ्यांवर बसून, स्वतःच्या हातांनी. घरातल्या तिघांना हे माहीत होतं आणि तिघंही गप्प राहिलो.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. कुमुदआत्या पप्पांची मोठी बहीण. आमच्या हिंदी मुलखातल्या गावाच्या लालबाग भागात, एका शाळेत ती भूगोल शिकवायची. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि तिनंही मला कधी ‘तू इतकी गप्प का’ असं विचारलं नाही. आमचं दोघींचं बहुधा त्यावरच जमलं असावं. राजपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात खाली आम्ही आणि वर ती. मी इंग्रजी माध्यमात शिकले. घरी बोलताना माझं मराठी हिंदीवर घसरतं, आणि लहानपणी कुठल्याशा लग्नात मी “मी थकून गेली” म्हटल्यावर जळगावकडच्या पाहुण्या बायका हसल्या होत्या. तेव्हापासून चार माणसांत तोंड न उघडण्याची सवयच लागली. आत्याकडे मात्र बोलावं लागायचं नाही. ती पेपर तपासायची, मी खिडकीत बसायचे… मध्येच ती म्हणायची, “चहा टाक गं,” तेवढंच.

सुरुवात नळापासून झाली. आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार. नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो आणि धार बारीक होत होत एक दिवस थांबते. आत्यानं एका नळवाल्याला बोलावलं. तो वर आला, नळाकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि म्हणाला, “घर में कोई जेन्ट्स नहीं है क्या?” आत्या म्हणाली, “नळ माझा आहे. जे सांगायचं ते मला सांगा ना भाऊ.” त्यानं मान डोलावली आणि जिन्यात जाऊन बसला. पप्पा ऑफिसमधून येईपर्यंत बसून राहिला. मग आत्याच्या नळाला काय झालंय ते त्यानं पप्पांना समजावून सांगितलं, आणि आत्या तिथंच, त्या दोघांच्या मागं, हात पुसत उभी होती. तो गेल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. “तुझ्या फोनला विचार बरं,” म्हणाली, “नळाला पांढरं धरलं की लोक काय करतात?” फोननं सांगितलं, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला बांधून ठेवा. मम्मीची चाऊमीनसाठी आणलेली बाटली आम्ही वर नेली. पुढचे काही दिवस आत्याच्या सगळ्या खोलीला चाऊमीनच्या गाडीसारखा वास यायचा, पण नळ सुटला. धार पडायला लागल्यावर आत्या बराच वेळ तो नळ उघडत-बंद करत राहिली.

मग तिला नादच लागला. घरातली कामं स्वतः करणाऱ्यांचा एक ग्रुप मला फोनवर सापडला. बहुतेक हिंदीत चालायचा, काही जण इंग्रजीत लिहायचे. आत्या प्रश्न सांगायची, मी लिहायचे. इंग्रजी उत्तर आलं की मी मराठीत सांगायचे, आणि तिला तो शब्द ठाऊक असला की ती मला खरा मराठी शब्द द्यायची. बिजागरी, फट, पाचर, गिलावा… हे शब्द मला शाळेनं शिकवले नाहीत, त्या ग्रुपच्या निमित्तानं आत्यानं शिकवले. ग्रुपवर तिला सगळे ‘मॅडमजी’ म्हणायचे. अकोल्याचे एक निवृत्त गृहस्थ होते, ते तिच्या प्रत्येक फोटोखाली काहीतरी खोचक लिहायचे. खिडकीला डासांची जाळी लावल्याचा फोटो टाकला तेव्हा त्यांनी लिहिलं, “मॅडमजी, जाळी छान. पण डास आत आहेत की बाहेर, ते आधी मोजून घेतले का?” आत्या खुदकन हसली. “ह्याला लिही, हजेरी घेतली म्हणावं. दोन गैरहजर आहेत.”

पप्पांना हे आवडलं नाही. ते रागीट नाहीत, पण गल्लीला घाबरतात. एका रविवारी आत्या भिंतीत खिळ्यासाठी भोक पाडत होती आणि खालून सुनंदाकाकूंनी विचारलं, “वर काय काम काढलं हो भाऊ?” पप्पा जिना चढून वर आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “ताई, लोक काय म्हणतील? बहिणीच्या हातात हातोडा देऊन भाऊ खाली पेपर वाचून राहिला.” आत्या म्हणाली, “मग तू वर येऊन वाच.” ते हसले नाहीत. शेवटी तोड काढली मम्मीनं. दुसऱ्या दिवशी तिनं काकूंना सांगून टाकलं, जैनाबादचा एक मिस्त्री लावलाय, फक्त रविवारी येतो. तेव्हापासून आत्यानं केलेलं प्रत्येक काम त्याच्या नावावर जायला लागलं. काकूंनी त्याचा नंबर मागितला, तर मम्मी म्हणाली त्याच्याकडे मोबाइलच नाही. कधी येतो-जातो दिसत नाही म्हटल्यावर म्हणाली, फार लवकर येतो बिचारा. आत्याला आधी त्याची गंमत वाटायची. “आज मिस्त्रीचा मूड नाही,” म्हणत लोळत पडायची. पण एकदा काकू तिच्याच खोलीत, तिनंच केलेल्या फळीवर हात फिरवून म्हणाल्या, “हात बसलाय हो त्याचा,” तेव्हा आत्या नुसती “हो” म्हणाली आणि उठून गच्चीवर गेली. मी मागोमाग गेले. ती कठड्याला टेकून उभी होती. तिला काय वाटलं असेल, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमची तीच रीत होती.

बाथरूमचं काम सगळ्यात मोठं. जुनी फरशी फुटली होती, खालच्या स्वयंपाकघरात ओल उतरायला लागली होती. मी इंग्रजी व्हिडिओ शोधला. कुठल्या तरी थंड देशातला माणूस, निळा शर्ट, हात पुसायला वेगळा रुमाल. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, फरशी सपाट, अगदी सपाट. मी ते जसंच्या तसं आत्याला सांगितलं. तिनं पाणसळ विकत आणली, तीच ती, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली पट्टी. एकेक फरशी ठोकून ती बुडबुडा बरोबर मधे आणायची आणि मग माझ्याकडे बघायची. उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. जुन्या फरशा उचलून, रेती चाळून, सिमेंट कालवून तिच्या बोटांची सालं निघाली. काम सुकल्यावर पहिली अंघोळ तिनं केली आणि आतून हाक आली, “अगं, इकडे ये… तळं झालंय.” बादलीभर पाणी सगळ्या फरशीवर जागच्या जागी उभं होतं. कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीकडे जायला त्याला काही कारणच नव्हतं. त्या निळ्या शर्टवाल्याच्या देशात लोक काचेच्या कपाटात उभे राहून अंघोळ करतात, कोरड्या फरशीवर पायपुसणं घालतात. आपण पाटावर बसून तांब्यानं पाणी घेतो आणि ते सगळीकडे उडवतो. हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं, एक भूगोलाची शिक्षिका असूनसुद्धा. हे ती स्वतःच म्हणाली.

फोटो टाकल्यावर ग्रुपवर सगळे तुटून पडले. “मॅडमजी, नहानी में लेवल कौन देखता है, ढाल देखते हैं.” न्हाणीत सपाटी नाही, उतार बघतात. अकोल्याच्या गृहस्थांनी लिहिलं, “आता त्यात कमळं लावा.” पण मग त्यांनीच नीट समजावलं. जाळीपासून दोऱ्या ताणा, प्रत्येक फरशी जाळीकडे किंचित झुकवा, आणि एक गोटी सोडून बघा, ती वाट चुकता कामा नये. आत्यानं सगळं पुन्हा उखडलं. नव्यानं बसवलं. आधीचा धसका इतका होता की उतार जरा जास्तच झाला. गोटी सोडली की ती नुसती घरंगळायची नाही, धावायची. सुनंदाकाकूंना पायाखाली लागला तो हाच उतार. पण पाणी थांबत नव्हतं, खाली ओल येत नव्हती. तिचा तो दोन्ही वेळचा फोटो, एकात तळं आणि एकात जाळीवर जाऊन बसलेली गोटी, ग्रुपवर इतका फिरला की पुढं कुणी नवखा फरशी घालायला निघाला की जुने लोक लिहायचे, आधी मॅडमजींचा फोटो बघ.

पुढच्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची आणि मला सांगायची, “कठडा हलतोय का ते बघतेय.” हृदयाची झडप निकामी होत होती. इंदूरला नेलं. शेवटचं मी तिला तिथं पाहिलं. नाकात नळी, हात सुजलेले, आणि ती छताकडे टक लावून पडलेली. मला वाटलं, तिला काही दिसतच नसावं. मग ती हळूच म्हणाली, “त्या कोपऱ्यात ओल आहे बघ. वरून गळतंय कुठून तरी… कुणी विचारत कसं नाही?” मी तो कोपरा पाहिला. खरंच ओल होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण मला फक्त तिची चादर नीट करता आली. मी घरी परतले, आणि दुसऱ्या दिवशी पप्पांचा फोन आला. त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. त्यावरून समजलं.

तापीवर अस्थी सोडून आल्यानंतर मी ग्रुपवर लिहिलं. सांत्वनाचे शब्द आले, हात जोडलेले आले. संध्याकाळी अकोल्याच्या गृहस्थांचा मेसेज आला, “बेटा, ढाळाचा तो फोटो माझ्या जुन्या फोनसोबत गेला. असेल तर पाठव. इथं एक जण बाथरूम करतोय.” मी पाठवला. माझ्या गल्लीत जे कुणाला माहीत नव्हतं, ते कुठल्या कुठल्या गावांतल्या, कधी न भेटलेल्या माणसांना माहीत होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा रडू आलं.

पप्पांनी वरची खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं. मला त्यात काही गैर वाटत नाही, रिकामी खोली त्यांना बघवत नाही. पण त्याआधी बाथरूम फोडून ‘नीट’ करून घ्यायचं, असंही त्यांनी ठरवलं. मला ते जेवताना कळलं. ती फरशी गेली की आत्याच्या हातचं या घरात काही उरणार नव्हतं. फळ्या, खिडक्यांच्या जाळ्या आधीच निघाल्या होत्या. आणि लोकांच्या लेखी तर आत्याची फरशी गेलीच नसती… एका कच्च्या मिस्त्रीची गेली असती. मी रोज ठरवायचे, आज पप्पांना सांगायचं. वाक्य मनात जुळवायचे, त्यातलं मराठी तपासायचे, तोवर ते हात धुवायला उठायचे.

परवा मिस्त्री आला, खराखुरा, छिन्नी-हातोडा घेऊन. सुनंदाकाकूही वर आल्या, त्यांना त्यांच्या मोरीचं विचारायचं होतं. मिस्त्रीनं फरशीवर पाय फिरवला आणि पप्पांना विचारलं, “साहब, यह किसने किया? ढाल ज़्यादा है, पर पानी तो सब निकलता होगा.” काकू म्हणाल्या, “अहो तो जैनाबादचा…” पप्पा त्या फरशीकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. त्यांनाही सांगता येत नव्हतं. मिस्त्री उकिडवा बसला, छिन्नीचं टोक एका फटीत ठेवलं आणि पप्पांच्या होकारासाठी वर पाहिलं.

मी दारात होते. वाक्य जुळवलेलं नव्हतं. आवाज आला तो माझाच आहे, हे मला जरा उशिरा समजलं.

“भैया, थांबा. हे कुमुदआत्यानं केलंय, माझ्या. जैनाबादचा कोणी नव्हता, काकू. हिला हात लावायचा नाही. काय विचारायचं असेल ते मला विचारा, मी तिच्याबरोबर बसून सगळं शिकली.”