राब पेटण्याआधीचा धूर

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट — बीएस्सी, फर्स्ट क्लास! शहापूरला फोटो स्टुडिओत कामाला आहे. लग्नाच्या अल्बममध्ये माणसं गोरी करायचं काम माझंच, त्यामुळे फोटोत काय काय "दाखवता" येतं ते मला पक्कं माहीत आहे.

गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. राबासाठी फांद्या तोडताना बाबा ऐनाच्या झाडावरून पडले. पाय जुळला, पण हिंमत गेली. दोन पावसाळे शेत पडीक. आमच्याकडे पाला, फांद्या, शेण जमिनीवर पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचं बी पेरतात. राब नाही तर भात नाही. आई टोमणे मारायची, "खाटेला मुळं फुटतील आता!" बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

त्या चैत्रात शाळेमागच्या टेकाडावरून मी सकाळी सिद्धगडाचा फोटो काढला. खाली आमचं शेत. रॉ फाइल नेहमीसारखी फिकट, मेलेली... स्टुडिओत बसून व्हाइट बॅलन्स लावला, आभाळ जरा उतरवलं, कड्याच्या सावल्या उघडल्या. मग झूम करून लेन्सवरच्या धुळीचे डाग एकेक पुसले. आमचं शेतही तसंच तपासलं — मोकळं, स्वच्छ. मोठी प्रिंट मारली.

प्रिंटमध्ये आमच्या शेतातून धूर निघत होता.

निळसर, सरळ वर गेलेला, मध्येच गडाकडे वाकलेला. स्टुडिओचे मालक म्हणाले, "शाई फुटली असेल." प्रिंटर साफ करून तीच फाइल परत छापली... धूर नाही! "पहिली फाडून टाक," ते म्हणाले. मी मात्र ती गुंडाळून घरी नेली. का, ते विचारू नका.

बाबांनी ती खाटेवर पसरली आणि ताडकन उठून बसले.

"आपल्या शेतात राब कुनी भाजला?"

"कुनी नाय बाबा, प्रिंटरची चूक —"

"मला नको शिकवू गो! राबाचा धूर वळखाया येत नाय का मला?"

आणि काठी न घेताच निघाले! आई मागून ओरडतेय, "अवो, पाय! पाय!"

शेतात राख नव्हती. नुसतं वाळलेलं गवत. बाबांनी वाकून मूठभर गवत उपटलं, चुरगाळून पाहिलं. मग म्हणाले, "कुनी नाय भाजला तर आपन भाजू. कोयता आन."

"झाडावर मी चढते," मी म्हटलं.

"चढ. खाली बघू नको. खाली मी हाय."

फांद्या वाळल्यावर आई-बाबांनी राब पेटवला, तेव्हा मी टेकाडावर त्याच जागी कॅमेरा लावून उभी होते. नंतर ती नवी फाइल आणि जुन्या प्रिंटचा स्कॅन स्क्रीनवर एकमेकांवर ठेवले. धूर धुरावर बसला. गडाकडचा बाकसुद्धा!

त्या वर्षी भात असा आला की आईनं टोमणे मारायला दुसरा विषय शोधला. ती प्रिंट आज आमच्या ओटीवर आहे, माझ्या डिग्रीच्या शेजारी. लेन्स, शाई, फाइल... सगळं तपासून झालं. बीएस्सी असून उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

परवाच बाबांचा फोन आला. "रविवारी राब भाजतो, कॅमेरा घेऊन ये. आणि ऐक गो... औंदा धूर आधी छापू नको!"