शालनमावशींचे चार रविवार

सोनालीचा फोन आला तेव्हा मी ताथवड्याला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते. "काकू, आई गेल्या... आत्ताच," एवढंच ती म्हणाली. सोनाली ही शालनमावशींची सून, आणि शालनमावशी म्हणजे पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीतली मुलं शाळेत नेणाऱ्या-आणणाऱ्या बाई. पोटाच्या कॅन्सरनं त्यांना वर्षभर पोखरलं होतं, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. त्यांच्याबद्दल लिहायचं त्याच दिवशी ठरवलं होतं, पण पाच आठवडे गेले... कारण मावशींविषयी खरं लिहायचं, तर आधी माझ्याविषयी फारसं बरं नसलेलं काही लिहावं लागतं.

मावशी पुनावळ्यातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. आज जिथं आमच्या इमारती आहेत, तिथं एके काळी त्या ट्रॅक्टर चालवायच्या. शेतं गेली, नवरा लवकर गेला, पण बाईंनी स्टिअरिंग सोडलं नाही. रीतसर परवाना काढला, पांढरी सात आसनी गाडी घेतली आणि शाळेची मुलं न्यायला सुरुवात केली. माझी रेवा तेव्हा तिसरीत होती. मावशी पंचेचाळीसच्या असतील. नऊवारी नेसून, पदर खोचून, पायात बूट घालून गाडी चालवणारी बाई पाहून सुरुवातीला आम्ही सगळ्या आया गालातल्या गालात हसायचो.

त्या वर्षी एका दुपारी, शाळेतून परत येताना, हायवेच्या सर्व्हिस रोडवर चालत्या गाडीचं बॉनेट वाऱ्यानं उचललं गेलं आणि धाडकन काचेवर आदळलं. काचेला तडे गेले, समोरचं काही दिसेना. आत सहा मुलं. पुढं काय झालं ते रेवानं मला घरी आल्यावर सांगितलं. मावशी ओरडल्या नाहीत. "समदी खाली वाका, अन् मोठ्यानं सातचा पाढा म्हना," एवढंच म्हणाल्या. बॉनेट उभं राहिलं की त्याच्या बुडाशी बोटभर फट उरते. मावशी मान वाकवून त्या फटीतून रस्ता बघत राहिल्या, ब्रेक एकदम न दाबता हळूहळू वेग कमी केला आणि गाडी डाव्या कडेला घेतली. "सात सक्के बेचाळीसला थांबलो आम्ही," रेवा म्हणाली. कुणाला खरचटलंही नव्हतं.

संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये आम्ही पालक जमलो. मावशींनाही बोलावलं होतं. गाडी नुकतीच गॅरेजमधून आलेली, त्यामुळे गॅरेजवाल्यानं बॉनेट नीट लावलं नसणार, असंच सगळे धरून चालले होते. त्याच्यावर ढकलून मावशी सहज सुटल्या असत्या. पण त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गॅरेजवाल्याची चूक न्हाई. सकाळी वायपरचं पानी म्या भरलं अन् बॉनेट बी म्याच लावलं. घाईत व्हते. ते पुरतं बसलं न्हाई. आत एक कडी असती, कुलूप सुटलं तरी बॉनेट धरून ठेवती. ती मातीनं जाम झाल्ती. ती बी म्या कंदी बघितली न्हाई."

आणि मग मी बोलले. "तुम्हाला गाडीतलं कळत नाही तर मुलं कशाला नेता? आमच्या मुलांवर शिकताय का तुम्ही?" त्या रात्री मावशींच्या गाडीतून चार मुलांची नावं कमी झाली. पहिलं नाव रेवाचं होतं.

नंतरचा आठवडाभर मावशी महाळुंग्याच्या एका कारखान्यात बॉनेट बसवण्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या फिटरकडे जात होत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्याची ड्यूटी सुटली की त्याच्याच गाडीवर त्या शिकत. इकडं नवी काच बसवून, उरलेल्या दोन मुलांना घेऊन गाडी रोज वेळेवर निघत होती. मग गेटवर हातानं लिहिलेला कागद लागला : 'रविवारी दहा वाजता पार्किंगमधी बॉनेट उघडून दावनार. चार रविवार. समद्यांनी यावं.'

पहिल्या रविवारी आला फक्त वॉचमन. दुसऱ्या रविवारी तिघं आले, तेही गंमत म्हणून. मी गॅलरीतून बघत होते. ऊन चढलं तरी बाई तिथंच. बॉनेट उघडायचं, टेकूची दांडी लावायची, दांडी काढायची, बॉनेट बंद करायचं... समोर कुणी असो वा नसो. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. खरं तर भांडायच्या तयारीनंच खाली उतरले.

"परत असं झालं तर?" मी विचारलं.

"व्हनार न्हाई असा शब्द म्या देत न्हाई, म्याडम. रोज निघायच्या आधी बघीन, यवढा शब्द देते," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीची कडी कशी हाय?"

माझी गाडी शेजारीच उभी होती. चार वर्षांत मी तिचं बॉनेट एकदाही उघडलं नव्हतं. खटका कुठं आहे तेही मला सापडेना. मावशींनी डॅशबोर्डखाली माझा हात धरून नेला. खटका ओढल्यावर बॉनेट किंचित वर आलं. "आता फटीत बोटं घाला. कडी लागती का? ती बाजूला सारा, मग उचला." कडी हलेचना. गंजून एका बाजूला अडकून पडली होती. कुलपानं दगा दिला असता तर बॉनेट धरायला माझ्याही गाडीत काहीच नव्हतं. आणि मावशींची गाडी असुरक्षित म्हणून त्याच गाडीतून मी तीन आठवडे रेवाला शाळेत सोडत होते.

मावशी एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. ब्रश आणला, गंज घासला, तेल सोडलं, कडी आपोआप जागेवर येईपर्यंत हलवली. मग मला म्हणाल्या, "दांडी खाचंत बसल्याबिगर आत डोकं घालायचं न्हाई. बंद करताना दांडी काढून ठिवा, हात बाजूला, अन् ईतभर अंतरावरनं सोडून द्या. दाबायचं न्हाई, पत्रा चेपतो. आवाज आला म्हून झालं न्हाई, वडून बघायचं." ते सगळं त्यांनी माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. सोमवारी रेवा त्यांच्या गाडीत बसली. महिन्याभरात बाकीची तिघंही परत आली.

शेवटचं भेटले तेव्हा मावशी अंथरुणावर होत्या, आवाज पार बसला होता. इतकी वर्षं मनात असलेलं मी बोलून टाकलं. "मावशी, त्या दिवशी मी फार लागेल असं बोलले..."

"लागलंच की," त्या म्हणाल्या. "पन लेकरू तुमचं व्हतं. तुमी न्हाई बोलनार तर कोन? अन् खाली बी तुमीच आला. बाकीची तुमच्या मागनं आली." दम घेऊन म्हणाल्या, "सोनालीला समदं शिकवलंय. तिला बी कुनीतरी इचारत ऱ्हायला पायजे. तुमी इचारा."

रेवा आता अकरावीत आहे, तिला गाडीची गरज नाही. तरी परवा सकाळी मी गेटवर गेले. सोनाली गाडी घेऊन आली होती. सोसायटीत नवीन आलेली एक आई आपल्या मुलीला पहिल्यांदाच गाडीत बसवायला आली होती, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, नजर घड्याळावर. त्या चार रविवारांपासून मावशींच्या गाडीचा एक नियम होता : मुलाला बसवण्याआधी पालकानं एकदा स्वतः बॉनेट उघडून बंद करायचं. सोनालीनं तो सांगितला.

"आज नको ना, मला मीटिंग आहे," ती बाई म्हणाली. "किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं," सोनाली म्हणाली. आवाज शांत होता, पण ती दारासमोरून हलली नाही. "दोन मिनिटं नसतील तर उद्या बसवा हिला. मी उद्याही येणार आहे."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची बॅग धरायला हात पुढं केला. तिनं क्षणभर विचार केला, बॅग माझ्याकडे दिली आणि बाह्या वर सारल्या.