भवानीची पाठवणी

भास्कर सरपोतदारांना पगार मिळे तो खडखड बंद करण्याचा. स्टुटगार्टमध्ये मोटारींना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर होते. नव्याकोऱ्या गाडीत कान टवकारून बसायचं, कुठे काही करकरतंय, टकटकतंय का ते हुडकायचं आणि त्याचा कायमचा निकाल लावायचा, हे त्यांच्या खात्याचं काम. डॅशबोर्डच्या पोटात एखादी क्लिप सैल असली तर भास्करराव ती डोळे मिटून सांगत. जर्मन सहकारी त्यांना मानत. घरात कादंबरीबाईंचा प्रश्न एवढाच असे, की ज्या माणसाला गाडीच्या दाराची कुरकुर ऐकू येते त्याला बायकोची कशी ऐकू येत नाही?

अशा या माणसाने दर शनिवारी शहराच्या टोकाच्या भाड्याच्या गोठ्यात जाऊन, वर्षानुवर्षं खपून, जी गाडी जुळवली ती म्हणजे नखशिखांत खडखडाट होता.

अशा गाडीला रॅट रॉड म्हणतात. जुन्या भंगारातून घरी उभी केलेली, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, इंजिन उघडं टाकलेली आणि अंगावरचा गंज दागिन्यासारखा मिरवणारी. भास्कररावांची पिकअप होती. पुढची केबिन एका जुन्या दूधगाडीची. सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन निकालात काढलेल्या टपालगाडीचं. मागच्या हौद्याला द्राक्षमळेवाल्याकडच्या फुटक्या पिंपांच्या फळ्या, त्यामुळे ऊन तापलं की गाडीला वाइनचा वास यायचा. आणि गिअरच्या दांड्याला मूठ म्हणून कादंबरीबाईंच्या माहेरच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता.

"लोक गंज घालवतात," कादंबरीबाई म्हणत. "आमच्याकडे त्याला वार्निश लावून जपतात. आणि मी वेलदोडे लाटण्याने कुटते."

भास्करराव तिला 'ती' म्हणत. बाई तिला 'भवानी' म्हणत. "जा, भवानी वाट बघत असेल" हे शनिवारचं ठरलेलं वाक्य. शेवटी जगाने तेच नाव उचललं. मुलगी मैथिलीसुद्धा शाळेत सांगायची, की आमच्याकडे आई, बाबा, मी आणि भवानी असतो.

ट्यूफ, म्हणजे इथली गाड्यांची तपासणी. तिथे साध्या गाडीचाही आरसा किंचित तिरका असला तर साहेबांच्या कपाळाला आठी पडते. भवानीला पाहून साहेब आधी गाडीभोवती फिरले, मग भास्कररावांभोवती. पण भास्करराव खमके. प्रत्येक जोडाचं गणित मांडून, नाकारलं की परत जाऊन, त्यांनी त्या माणसाकडून शिक्का मिळवलाच. त्या दिवशी त्यांनी मराठी मित्रमंडळींना पेढे वाटले होते. मैथिली दहावीला पहिली आली असती तरी इतके वाटले नसते.

आणि मग २००८च्या मार्चपासून स्टुटगार्ट शहरात नियम आला, की धुराच्या बाबतीत जी गाडी पास नाही, तिला काचेवर रंगीत चिकटी मिळणार नाही, आणि चिकटी नाही तर शहरात प्रवेश नाही. अस्सल जुन्या गाड्यांना सूट होती. पण भवानी अस्सल कुठली? तिचा एक अवयव दुसऱ्याला ओळखत नव्हता. गोठाही शहराच्या हद्दीतच. भवानीला घराबाहेर काढायची सोय उरली नाही. विकणं आलं.

जाहिरात इंटरनेटवर टाकली आणि भास्करराव वधूपित्याचं तोंड करून बसले.

पहिला आला तो हॉटेलवाला. त्याला भवानी दारात शोभेला उभी करायची होती, हौद्यात फुलझाडं लावून. "चालवणार नाही?" भास्कररावांनी विचारलं. "छे! ही चालते?" तो म्हणाला. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

दुसरा आपलाच निघाला. फ्रँकफर्टचा, सॉफ्टवेअरवाला, चंद्रशेखर नावाचा. पोहे झाले, पुण्यात कोण कुठल्या पेठेतलं ते झालं. चंद्रशेखर तोंड पुसत म्हणाला, "काका, मस्त आहे हो. फक्त रंग मारून घेतो. चकचकीत लाल!"

भास्कररावांनी हातातली बशी खाली ठेवली. "हळदीकुंकूही वाहा," ते म्हणाले आणि उठले.

"अहो, दोन पोरं परत पाठवलीत," कादंबरीबाई म्हणाल्या. "मुलीचं वय वाढतंय."

तिसरा एबरहार्ट. आल्ब डोंगराच्या चढणीवरच्या एका गावातला दातांचा डॉक्टर. साडेसहा फुटी, हसरा. भवानी दिसताच हा गृहस्थ गुडघ्यांवर बसला, तिच्या दारावरच्या गंजावरून बोटं फिरवली आणि हळूच म्हणाला, "हा तर नकाशासारखा आहे. हे ठिकाण बघा, इथे समुद्र सुरू होतो."

आता वास्तविक भास्कररावांना आनंद व्हायला हवा होता. हवा तसा जावई समोर गुडघे टेकून बसला होता. पण आनंद झाला नाही. तो समुद्र त्यांनाही दिसत असे. आजवर त्यांना एकट्यालाच दिसत असे.

"चांगला माणूस आहे," कादंबरीबाई म्हणाल्या. "दात किती स्वच्छ आहेत!"

"दातांचं सांगू नकोस. तो त्याचा धंदाच आहे."

नाही म्हणायला कारण सापडेना. सौदा ठरला. आणि त्याच क्षणी भास्कररावांच्या मनात ते पाप शिरलं.

भवानीला एक खोड होती. इंजिन गार असताना ती किल्लीसरशी सुरू व्हायची, पण एकदा तापली आणि बंद केली की स्टार्टर अडकून बसायचा. अर्धा तास देवाचं नाव घेत थांबा, नाहीतर सीटखाली हात घालून तिथली लोखंडी कांडी मागे ओढा. ती ओढली की अडकलेलं चाक सुटे आणि भवानी गुरगुरून जागी होई. कांडी भास्कररावांनी स्वतः बसवलेली. एबरहार्टला गोठ्याच्या अंगणातच फेरी मारून दाखवताना त्यांनी बोलता बोलता ती अशी ओढली, की त्याला वाटलं हे पँट सावरताहेत.

आणि ती गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही.

ही विद्या घरातलीच होती. कादंबरीबाईंचे अनारसे मंडळात प्रसिद्ध. कोणी कृती मागितली तर त्या तांदूळ भिजवण्यापासून खसखशीपर्यंत सगळं प्रेमाने सांगत, फक्त पीठ मळताना घालायचा केळ्याचा तुकडा तेवढा राहून जाई. मग पुढच्या दिवाळीला मागणारणीचे अनारसे कढईत विरघळत आणि फोन इकडे येई. तसाच फोन आपल्याला येईल, असा भास्कररावांचा हिशेब. भर रस्त्यात भवानी अडून बसेल, डॉक्टर घामाघूम होईल आणि म्हणेल, "मिस्टर सरपोतदार, ही तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही." एवढंच वाक्य त्यांना ऐकायचं होतं.

भवानी गेली. फोन येईना.

भास्करराव फोनजवळ बसून जेवू लागले. शेवटी त्यांनीच लावला, ऑइल फिल्टर द्यायचा राहिला या निमित्ताने.

"फिल्टर? अरे वा!" एबरहार्ट तिकडून ओरडला. "आणि काय गाडी केलीय तुम्ही! कधी अडत नाही! रोज दवाखान्यात जातो तिच्यातून."

"अडत नाही? तापल्यावरसुद्धा?"

"कधीच नाही!"

भास्कररावांनी फोन ठेवला. चेहरा असा, की कादंबरीबाईंना वाटलं पुण्याहून काही वाईट बातमी आली. तेव्हा मग कांडीची हकिगत बाहेर पडली.

"शोभतं का हे?" बाई कडाडल्या.

"आणि तुझं केळं?"

"माझं केळं महामार्गावर उभं करत नाही कोणाला!" पण हे बोलताना त्यांचा आवाज थोडा उतरला होता, हेही खरं.

मैथिलीने गृहपाठातून मान वर केली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्येच येई. "पापा इस्ट आयफरझ्युष्टिश," तिने निदान सांगितलं. बाबांना मत्सर झालाय.

"मत्सर कसला? मी चकित झालोय. तांत्रिक दृष्ट्या."

पण त्यांना झोप लागेना. ज्या भवानीने आपल्याला भर पावसात, भर लग्नाच्या वाढदिवशी अर्धा अर्धा तास रडवलं, ती त्या दातवाल्याच्या हाताखाली मुकाट नांदते? सासरी जाऊन इतकी गुणाची झाली?

मे महिन्यात आल्बवरच्या एका जुन्या विमानतळावर हौशी गाड्यांचा मेळावा होता. "सहज जाऊ या," भास्करराव म्हणाले. सहज म्हणताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

भवानी दुरून दिसली. भोवती ही गर्दी. एबरहार्ट डोक्यावर गवती हॅट घालून केबिनला टेकून उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गंजातला समुद्र दाखवत होता. आपला समुद्र! कोणीतरी विचारलं, कुणी बनवली? "एका भारतीय इंजिनियरने," एबरहार्ट म्हणाला. नाव नाही, गाव नाही. एका म्हणे.

"जाऊन भेटा ना," कादंबरीबाई म्हणाल्या.

"नको. इथूनच बरं दिसतंय." ते एका बसच्या आडोशाला उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याला असं चोरून कुणाकडे बघताना प्रथमच पाहिलं.

भास्कररावांच्या शेजारी एबरहार्टची बायको आइसक्रीम खात उभी होती. त्यांनी ओळख करून घेतली आणि राहवेना म्हणून विचारलं, गाडी कधी त्रास देत नाही का?

"अहो, आमचं घर चढावर, दवाखाना चढावर, बेकरीही चढावर," ती म्हणाली. "एबरहार्ट नेहमी उतारावर तोंड करून लावतो. सोडली की घरंगळते, गिअर टाकला की सुरू. त्याला वाटतं अशा गाड्या अशाच सुरू करायच्या असतात. मजा वाटते त्याला."

म्हणजे भवानी गुणाची झाली नव्हती. तिचा हट्ट शाबूत होता. त्या माणसाच्या अख्ख्या गावात सपाट जागाच नव्हती, इतकंच! भास्कररावांच्या जिवात जीव आला. आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की विमानतळ सपाट असतो.

मेळाव्याच्या शेवटी मिरवणूक होती. गाड्या चक्कर मारून परत रांगेत आल्या, बंद झाल्या, बक्षिसं जाहीर झाली, आणि घरी जायला एबरहार्टने किल्ली फिरवली. खट्. पुन्हा खट्. एबरहार्ट उतरला आणि चहूकडे उतार शोधू लागला. चष्मा हरवल्यासारखा.

हाच तो क्षण. आता तो म्हणेल, ही बनवणाऱ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. भास्करराव बसच्या आडून अर्धे बाहेर आले, कान देऊन.

पण एबरहार्टला बोलायला वेळच मिळाला नाही. जर्मनीत बंद पडलेल्या गाडीभोवती अनुभवी पुरुष जितक्या लवकर जमतात तितक्या लवकर गुळाला मुंगळेही लागत नाहीत. एकाने बॅटरीला हात घातला. दुसरा म्हणाला कार्बुरेटर. तिसरा, पांढऱ्या मिश्यांचा, बाही सरसावून हातोडी घेऊन पुढे झाला आणि भवानीखाली सरपटू लागला. "गेनाऊ, अगदी बरोबर!" बाकीचे म्हणाले. "ठोका!"

"थांबा!" भास्करराव मराठीत ओरडले. "हात लावू नका तिला!"

बायकोच्या हातातली पिशवी, एक कुत्रं आणि बॅटरीवाला बाजूला सारत ते केबिनपाशी पोचले. दार उघडून पालथे पडले, सीटखाली हात घातला आणि कांडी ओढली. दुसऱ्या हाताने किल्ली. भवानी गुरगुरली, खोकली आणि तिच्या नखशिखांत खडखडाटाने अख्खा विमानतळ भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एबरहार्टने टाळी वाजवली नाही. तो वाकून सीटखाली बघत होता.

"हे काय आहे?"

"कांडी."

"हे मला कधी सांगणार होता?"

खोटं बोलायला भास्कररावांकडे कारणं होती. विसरलो, भाषा कच्ची, गडबड झाली. पण पालथ्या माणसाला खोटं पटकन सुचत नाही. "तुम्ही फोन केलात की," ते म्हणाले. "मला वाटलं होतं तुम्ही फोन कराल."

डॉक्टरने त्यांना हात देऊन उभं केलं. दाताला हात लावू न देणारे पुष्कळ पाहिले असतील त्याने.

"फोन आधीही करता आला असता," तो म्हणाला. "नुसता. बरं, चालवा तुम्ही. गावापर्यंत. बायको तुमच्या मिसेसना घेऊन मागून येईल."

भास्करराव स्टिअरिंगमागे बसले. स्टिअरिंग तेच, बत्ता तोच. त्यांनी पाय लांबवला. क्लच लागेना. अजून लांबवला, पार घसरून हनुवटी स्टिअरिंगला टेकली. एबरहार्टने आपल्या तंगड्यांसाठी सीट मागे सरकवून नव्या बोल्टांनी पक्की करून टाकली होती.

खिडकीत कादंबरीबाई आल्या, पोट धरून हसत. "अहो, उशी देऊ का?"

भास्करराव सरकत सरकत पलीकडच्या सीटवर गेले आणि पट्टा लावला. एबरहार्ट स्टिअरिंगमागे बसला, अगदी मापात बसला, आणि भवानी निघाली.

"दुसरा गिअर जरा उशिरा टाका," भास्करराव म्हणाले. "तिला घाई चालत नाही."

"हो, हो," एबरहार्ट म्हणाला आणि आपल्याला वाटला तेव्हा, चांगला लवकर, टाकला.

भवानीने ब्रसुद्धा काढला नाही. भास्करराव खिडकीबाहेर बघू लागले.