आपलेच लोटननाना

"आमना घर ईद बी शे नि कानबाई बी शे, तुले कोनतं जेवन जोयजे ते सांग," असं लोटन पिंजारी एकदा हितेंद्रला म्हणाला होता.

हितेंद्र तेव्हा दुसरीत असेल, नाहीतर तिसरीत. आईच्या हातचा मार खाऊन तो लोटनच्या पत्र्याच्या शेडमध्ये पळून आला होता आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगात कमरेइतका रुतून हुंदके देत होता. लोटननं कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवली, मिशीवर बसलेला कापूस झटकला आणि त्याला जेवणाचं विचारलं. पोरानं नाक पुसत 'ईद' म्हणून सांगितलं. ईद कधीच होऊन गेली होती. आतून आली ती बाजरीची भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा.

"आज हाईच ईद," लोटन म्हणाला, आणि दोघांनी एका ताटात ती ईद संपवली.

शिरपूरहून शिंदखेड्याकडे निघालं आणि तापी ओलांडली की हे गाव लागतं. गावात पिंजाऱ्याचं घर एकच. लोटनच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती; म्हणून हा जन्मला तेव्हा सुईणीनं त्याला उंबऱ्यावरून मातीत लोटला, दृष्ट लागू नये, जगावा म्हणून, आणि नाव पडलं लोटन. त्याच्या बापाचं नाव धनसिंग. घरात नमाज होती, रोजे होते, निकाह काझी लावायचा, मयत शिरपूरच्या कब्रस्तानात जायची. नावं मात्र गाव ठेवायचं, आणि ती गावासारखीच असायची. लोटनला उतारवयात मुलगी झाली तेव्हा हितेंद्रची आई ताईबाई बाळंतिणीच्या उशाशी बसली होती. पोरीचं तोंड बघून ती म्हणाली, "हाई तं रूपाच शे व्हो!" झालं, बारशाची गरजच उरली नाही.

लोटन गाद्या भरायचा, उशा भरायचा, लग्नसराईत रुखवताच्या गाद्यांसाठी भडगावपर्यंत जाऊन यायचा. पुढे त्यानं मोटारीवर चालणारं यंत्र आणलं आणि धनुकली खुंटीला टांगली. वर्षातून एकदाच ती खाली उतरायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी हितेंद्रच्या घरी कानबाई बसते. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, चौरंगावर बसवतात, रात्र गाण्यात जाते आणि सकाळी घरचा मोठा मुलगा तिला डोक्यावर घेऊन तापीवर पोचवतो. त्या कानबाईपुढच्या समईच्या वाती लोटनच्या घरून यायच्या. बापाच्या वेळेपासून. वेचणीच्या पहिल्या कापसातला मूठभर कापूस लोटन बाजूला ठेवायचा आणि श्रावणात तो हातानं पिंजायचा.

"मशीनवर काढा ना नाना, एक मिनिटाचं काम," हितेंद्र म्हणायचा.

"मशीनना कापूस मरेल ऱ्हास," लोटन म्हणायचा. "देवीले मढं दाखाडू का?"

वाती देऊन तो ओट्यावर खांबाशी बसायचा. त्याला जेवण मिळायचं, पोटभर, आग्रहानं. रोट मात्र मिळायचा नाही. रोट म्हणजे कानबाईचा पुरणाचा नैवेद्य. तो भाऊबंदांनीच खायचा, लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही द्यायचा नाही, खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खड्डा करून त्यातच सोडायचं. लहानपणी हितेंद्रनं एकदा मोठ्यानं विचारलं होतं की नानाला रोट का नाही. सगळे आपापल्या ताटात बघू लागले. लोटननंच सावरून घेतलं. "माले रोट पचस नहीं रे भो," तो म्हणाला, आणि सगळे सुटल्यासारखे हसले.

हितेंद्र मोठा झाला, शिकला, शिरपूरला एका फार्मसी कॉलेजात कारकून म्हणून लागला. नेमणूक कंत्राटी. दर जूनमध्ये प्राचार्यांच्या सहीनं ती पुन्हा जिवंत व्हायची. त्याच्याकडे शिष्यवृत्तीचं टेबल होतं. मुलं ऑनलाइन अर्ज भरायची, हितेंद्र तपासायचा, मग प्राचार्य, मग जिल्हा. रूपा बारावीला चांगले गुण मिळवून त्याच कॉलेजात आली तेव्हा तिचा अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानंच भरून दिला होता. पहिल्या वर्षी मंजूरही झाला. लोटन पेढे घेऊन कॉलेजात आला आणि शिपायापासून सगळ्यांना वाटत सुटला. "मन्ही पोर दवाई बनाडनारी शे," तो म्हणाला. "मी निस्त्या गाद्या भऱ्यात. लोकं आजारी पडनात का गादीवर मी, दवाईले मन्ही पोर. घरनं गिऱ्हाईक घरमाच."

दुसऱ्या वर्षी बोगस अर्जांची ओरड झाली आणि धुळ्याच्या जिल्हा कार्यालयातून एक साहेब कॉलेजात तपासणीला आले. हितेंद्र त्यांच्यासमोर उभा होता. साहेब पडद्यावरची नावं वाचत होते, एका नावाशी थांबले.

"रूपा लोटन पिंजारी. हे मुस्लिम? नावं तर वेगळीच दिसतात."

"आमच्याच गावचे आहेत साहेब," हितेंद्र म्हणाला.

"मग तुम्हाला पक्कं माहीत असेल. आहेत का मुस्लिम?"

इथं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण हितेंद्रच्या छातीत लोटनची शेड उघडली, कापूस दिसला, समई दिसली, आणि आपल्या गावाबद्दल काहीतरी मोठं सांगण्याची हौस त्याच्या जिभेवर आली.

"अहो साहेब, त्यांच्या हातच्या वातीशिवाय आमच्या घरची कानबाई बसत नाही. लोटननाना कसले मुसलमान! आपलेच आहेत ते."

साहेब हसले. प्राचार्य हसले. हितेंद्रही हसला, त्याला वाटलं, आपण लोटननानाला खुर्चीवर बसवलं. साहेबांनी चहा पिता पिता एक बटण दाबलं आणि पुढचं नाव वाचलं.

अर्ज नामंजूर झाल्याचं त्याला काही दिवसांनी कळलं. कारण लिहिलं होतं : स्थानिक चौकशीत धर्माबाबत खात्री झाली नाही. हिशेबाच्या टेबलावरच्या लीलाधरनं खांद्यावरून वाकून वाचलं. तो त्या दिवशी तिथंच होता.

"हित्या," तो म्हणाला, "ना शेंडी ना दाढी, आणि तू बसल्या बसल्या पोरीचा धर्म बदलून टाकला. काझीच्या पोटावर पाय दिला आणि भटजीच्याही."

हितेंद्रला हसू आलं नाही. वाईट बोललो असतो तर माफी मागायला तोंड तरी असतं, त्याच्या मनात आलं. आपण चांगलं बोललो. चांगल्या बोलण्याची माफी कुणाकडे, कोणत्या शब्दांत मागायची? तो विचार रात्री अंथरुणात त्याच्याबरोबर आला. त्याच्या अंगाखालची गादी लोटननं भरलेली होती. कूस बदलली की आतला कापूस दबायचा आणि पुन्हा हळूहळू फुगायचा, जणू खाली कुणीतरी श्वास घेतंय.

लोटन विचारायला आला तेव्हा हितेंद्र म्हणाला, "वर अडकलंय नाना. कॉम्प्युटरचा घोळ."

"त्या बिचाराले काय समजस," लोटन कॉम्प्युटरचीच बाजू घेऊन म्हणाला, आणि गेला.

मग रूपा आली. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडला होता. मागची फी भरल्याशिवाय नाव चढणार नव्हतं. सध्या ती बापाबरोबर उशांच्या खोळी शिवत होती. टेबलाच्या कडेला बोटं टेकवून ती उभी राहिली.

"दादा, अब्बा शिरपूरच्या मशिदीच्या जमातीकडे मुसलमान असल्याचा दाखला मागायला गेले होते. तिथले म्हणाले, कानबाईच्या वाती वळतोस ना, तिच्याकडूनच लिहून आण. शेवटी दिला, पण असं बोलून दिला. आता धुळ्याचे साहेब तो दाखला चालत नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही तर ओळखता आम्हाला."

"सांगतो," हितेंद्र म्हणाला.

त्यानं धुळ्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं की अर्ज पुन्हा उघडता येईल, मात्र ज्या कर्मचाऱ्यानं ती माहिती दिली त्यानं स्वतः कार्यालयात येऊन, चुकीची माहिती दिली असं सांगितलं पाहिजे. मुदत होती, पण लांबची नव्हती. हितेंद्रनं फोन ठेवला. चुकीची माहिती दिली, असं सांगितलं की तो कागद प्राचार्यांकडे येणार. प्राचार्य विचारणार. नेमणुकीवरची शाई अजून ओली होती. उद्या जाऊ, असं तो रोज ठरवायचा, आणि रोज संध्याकाळी तापीच्या पुलावर मोटारसायकल हळू करून खाली बघायचा. पाणी पुष्कळ होतं. त्यात काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात श्रावण लागला.

वाती दरवर्षी शनिवारी यायच्या. त्या वर्षी रविवारी दिवस मावळायला आला तरी लोटनचा पत्ता नव्हता. चौरंग मांडून झाला होता, नारळाला नथ घातली होती, ताईबाई दर घडीला दाराशी येऊन बघत होती. अखेर तो आला. ओट्यावर खांबाशी, त्याच्या नेहमीच्या जागेवर बसला. वातींची पुडी त्याच्या हातातच राहिली.

"का रे लोटन, इतला उशीर?" ताईबाई म्हणाली.

"शुक्रवारले धुळे गयथू अक्का. तठून उनू, नि हातच चालनात नहीं."

"म्हतारा व्हयना नाना तू," हितेंद्रचा चुलतभाऊ अभिमन अंगणात सतरंजी पसरता पसरता ओरडला. "पुढला साले वाती बी मशीनवरच काढ आते!"

"तुलेच घालस मशीनमा," लोटन म्हणाला. "बारीक तरी व्हशी." अभिमन पोट धरून हसला. ताईबाई हसत आत गेली. धुळ्याचं नाव ऐकून हितेंद्र मात्र जागच्या जागी उभा राहिला होता. अभिमन सतरंजीचं दुसरं टोक आणायला मागच्या दारी गेला आणि ओट्यावर दोघंच उरले.

"हितू, सायेबनी माले बठ्ठं सांगं, तू काय बोलना ते," लोटन म्हणाला.

हितेंद्र खाली बसला. खांबाच्या दुसऱ्या बाजूला, एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून.

"तू बोलना ते खोटं नहीं," लोटन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि हितेंद्रला तेच सोसवेना. "मी तुमनाच शे. तुन्हा बापनी मन्हा बापले खांदा दिधा, कब्रस्तानलोंग. पन मी मुसलमान बी शे ना रे?"

"शे, नाना."

"मंग तितलंच सांगाले चाल. उद्या शेवटला दिन शे, सायेब म्हने. सकायमा तुन्ही गाडीवर निंघूत. दोन शबद सांगाना नि वापस येवाना."

अंगणात कुणीतरी ढोलकी ताणून बघत होतं. हितेंद्रच्या घशाशी 'हो' आलं, त्या दिवशी टेबलाजवळ आलं नव्हतं ते. पण त्याच्या पाठोपाठ प्राचार्यांचा चेहरा आला, आणि जून आला.

"उद्या विसर्जन शे नाना. कानबाई मन्हाच डोकावर ऱ्हास. परवा जाऊत. मी फोन करी ठेवस."

"परवा दार बंद राही."

हितेंद्र नखानं ओट्याची कड खरवडू लागला. लोटन थांबला. तो नेहमी कापसापाशी थांबायचा तसा थांबला, मान जराशी तिरपी करून. यंत्र बंद केल्यावर उडालेला कापूस खाली बसेपर्यंत तो असाच बघत राहायचा.

ते थांबणं हितेंद्रला असह्य झालं. तो उठला आणि घाईघाईनं आत गेला. काहीतरी द्यायला हवं होतं, आत्ता, या क्षणी, उद्यापेक्षा मोठं काहीतरी. देवघरात कानबाईचं पान बाजूला काढून झालं होतं, बायका ताटं वाढत होत्या. त्यानं एक ताट उचललं, वर रोट ठेवला, दूध ओतलं.

"कोना करता रे?" ताईबाईनं विचारलं.

"लोटननाना करता."

बायकांचे हात थांबले. काकूनं पदर तोंडाशी नेला. पिढ्यान् पिढ्या हा रोट त्या उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. ताईबाई ताटाकडे बघत राहिली, मग मुलाच्या तोंडाकडे बघितलं. तिथं काय होतं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी होतं.

"दे," ती म्हणाली. "तो का परका शे? आपलाच शे."

तो शब्द ऐकून हितेंद्र उंबऱ्याशी अडला. तरीही तो ताट घेऊन बाहेर आला. अभिमन मागच्या दारातून परतला होता. ताटातला रोट बघून सतरंजीचं टोक त्याच्या हातातून सुटलं. हितेंद्रनं ताट लोटनसमोर ठेवलं, दोन्ही हातांनी, देवापुढे ठेवतात तसं.

"ल्या नाना. आज रोट ल्या. तुम्ही आमनाच शेतस."

लोटननं ताटाकडे बघितलं. रोट पिवळा होता, गरम होता, त्याच्याभोवती दूध हळूहळू पसरत होतं. मग त्यानं हितेंद्रकडे बघितलं, बराच वेळ, अजूनही दुसरं काही ऐकायला मिळेल अशा आशेनं. हितेंद्रची नजर ताटावरच होती.

लोटननं वातींची पुडी सोडली, एकेक वात बोटानं सरळ केली आणि ताटाला लागणार नाही अशा बेतानं ओट्यावर ठेवली. उठला. चपला पायात घातल्या. ढोलकी थांबली, ताईबाई दारात आली, अभिमन "नाना, ओ नाना" म्हणाला, आणि लोटन अंगणातून बाहेर पडला.