आपला पीस आपण पास करायचा नाही

माझ्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच सांगितलं, आता मस्त आराम कर. शहाळं टेबलावर ठेवायचं, खुर्ची पलंगाजवळ ओढायची आणि म्हणायचं, "बरंच झालं एका अर्थी. इतकी वर्षं राबलीस, देवाने सक्तीची सुट्टी दिली." मग त्याच दमात कुणाच्या तरी चुलत जावेची हकिगत सुरू व्हायची. तिलाही असाच रॉड घातला होता आणि ती नंतर कधी सरळ चाललीच नाही म्हणे. मी पडल्यापडल्या मान हलवायची. मनात म्हणायची, अगं बाई, तुला चालता येतंय ना, मग ऊठ आणि चालायला लाग.

मी सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, अठरा वर्षं. लेथवर बुश आणि पिना बनतात, त्या मोजायच्या. मापात असतील तर पुढे, नसतील तर लाल टॅग लावून बाजूला. आठ तास उभ्याने काम. ऑपरेटर मागे काय काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे, पण माझ्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आला नाही. एका सकाळी कामावर जाताना खडीवरून स्कूटी घसरली आणि खेळ खलास. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अठ्ठेचाळीस पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने जिना विसरा.

पहिले दोन आठवडे दुखण्यातच गेले. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं आणि खरी पंचाईत सुरू झाली. मला केस विंचरावेसे वाटेनात. अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं असायचं, ते गार व्हायचं. सकाळी साडेसहाला खाली मोटरसायकली सुरू व्हायच्या, बायका डबे घेऊन पहिल्या शिफ्टला निघायच्या, त्यांचं बोलणं वर ऐकू यायचं. मी भिंतीकडे तोंड करून झोपायची. एकदा तर कुकरची शिट्टी झाली म्हणून रडले. का रडले ते आजही सांगता येणार नाही, पण रडले आणि मला माझीच भीती वाटली. फोनवर नातेवाईक गुलाबाची चित्रं पाठवायचे, खाली लिहिलेलं, सकारात्मक राहा. मेला तो गुलाब.

मग एक दिवस माझंच मला सुचलं. आमच्याकडे रोज शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला पीस तपासायला येतो. तो ओके झाला तरच पुढचा माल काढायचा. पहिलाच मापात नसेल तर दिवसभर भंगारच निघणार, सरळ हिशोब आहे. म्हटलं, माझ्या दिवसाचाही पहिला पीस ठरवू. सकाळी नऊच्या आत केस विंचरायचे, धुतलेला ड्रेस घालायचा, पलंगावरून उठून वॉकर धरून खिडकीपर्यंत जायचं आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेला पाय गुडघ्यात वाकवून उचलायचा व्यायाम वीस वेळा. एवढं झालं की वहीत ओके. दिवसाचं पुढे काय व्हायचं ते होवो.

वही मस्त भरत गेली. तीन आठवडे ओके, ओके, ओके. नवऱ्याला दाखवली. तोही खूश.

मग फिजिओथेरपिस्ट पुन्हा तपासायला आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, पण हात लोखंडाचे. त्याने गुडघा वाकवायला घेतला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. गुडघा साठ अंशावर अडकला होता. जिना उतरायचा तर निदान नव्वदच्या पुढे पाहिजे.

"ताई, व्यायाम करताय ना?"

मी तोऱ्यात वही पुढे केली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. "गुडघ्याला वाचता येत नाही, ताई," म्हणाला आणि पुन्हा वाकवायला लागला.

तो गेल्यावर मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. शिव्या संपल्यावर वही उघडून बसले. वीस वेळा म्हणून लिहिलेलं कधी बारा होतं, कधी पाच. चार दिवस तर मी पांघरुणातूनच हात बाहेर काढून ओके लिहिलं होतं. उद्या भरून काढू, असं प्रत्येक वेळी म्हणाले होते. हेच करताना मी एका ऑपरेटरला पकडलं होतं. मोजायचं गेज डब्यातून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं आणि रिपोर्ट मात्र सगळा भरलेला. अख्ख्या शॉपसमोर मी त्याला सोलून काढलं होतं. अरे, ज्याने पीस बनवला त्याने तो स्वतः पास करायचा नसतो, एवढं साधं कळत नाही का तुला? अठरा वर्षं हे ओरडून सांगणारी मी, आणि माझा माल मीच पास करत होते.

त्याच आठवड्यात दुसरा दणका बसला. नवरा गॅलरीत फोनवर बोलत होता, मी आत जागी आहे हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या मालकांशी बोलत होता. "नाही हो, आता ती काही यायची नाही. तुम्ही बघा दुसरं कुणी."

मी वॉकर न घेता उठले. कशी उठले देव जाणे. भिंत धरत गॅलरीच्या दारात गेले आणि म्हणाले, "अहो, माझी नोकरी सोडायची होती तर मला तरी कळवायचं!"

तो गडबडला. "अगं, तुझ्याच भल्यासाठी. आठ तास उभं राहणं आता जमणार आहे का? घरी बस निवांत."

"घरी बसून माझं काय झालंय ते बघताय ना? निवांत म्हणे! पाय मोडला तर रॉड घालता येतो. इथे बसून डोकं गेलं तर काय घालणार आहात?"

त्याचा फोन मी हातातून घेतला आणि मालकांना परत लावला. ते म्हणाले, "अहो, पण तुमच्या मिस्टरांनी तर आत्ताच..." म्हटलं, मिस्टरांना सोडा, मी बोलतेय. एक नवीन मुलगी टेबलावर घेतली होती त्यांनी, हुशार होती. शेवटी म्हणाले, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत थांबतो. त्या दिवशी येऊन पूर्ण शिफ्ट उभ्याने काढलीत तर टेबल तुमचं, नाहीतर तिचं. मी म्हटलं, मंजूर. हातात अकरा आठवडे होते आणि गुडघा साठ अंशावर.

आता मला तपासनीस पाहिजे होता. नवऱ्याला नेमण्यात अर्थ नव्हता. त्याच्या शिफ्टा बदलत्या, आणि फोनच्या भानगडीनंतर तो इतका ओशाळला होता की मी नुसती कूस बदलली तरी त्याने पास केलं असतं. राहिल्या आत्या. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. कळवणकडच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अक्षरओळख नाही, गुडघ्यांमुळे दिवसभर घरातच, आणि दयामाया नावाला नाही. मी भाजीत मीठ बरोबर टाकलंय असं त्या पंचवीस वर्षांत एकदाही म्हणाल्या नव्हत्या. म्हटलं, हेच माणूस पाहिजे.

त्यांना लिहिता येत नाही, म्हणून ठरलं की नापास दिवशी कॅलेंडरवर त्या तारखेवर माझीच एक लाल टिकली चिकटवायची. पहिल्याच दिवशी त्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसल्या, बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. मी धापा टाकत थांबले.

"झाल्या वीस."

"सतरा."

"आत्या, वीस झाल्या!"

"मी काय झोपली होती का? सतरा हाय." आणि टिकलीच्या पाकिटाकडे हात.

पहिल्या महिन्यात कॅलेंडरला गोवर निघाला. गणपतीत खाली ढोल वाजत होते, सगळी सोसायटी खाली नाचत होती, आणि माझ्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागलेल्या. म्हटलं, आत्या, आज सोडा, आज माझं मन नाही. त्या म्हणाल्या, "रड की. कोन नको म्हनलं? रडत रडत पाय उचल." मी दात-ओठ खात उचलला. रागाने उचलला. त्या बाईला दाखवायचंच म्हणून वीसच्या वर आणखी चार उचलले. आणि खरं सांगते, त्या दिवशी दुपारी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

कुणी विचारलं तर मी सांगते, मनाला शांत वगैरे करायच्या फंदात मी पडले नाही. शांत झाले असते तर आजही त्या पलंगावर असते. चिडले, हट्टाला पेटले, आणि समोर एक माणूस बसवलं जे माझी थाप चालू देत नव्हतं. नवरात्रात गुडघा नव्वदच्या पुढे गेला. दिवाळीच्या फराळाला मी उभ्याने चकल्या तळल्या, तीन तास. आत्यांनी घड्याळ लावलं होतं.

सोमवारी सकाळी सहाला मी कठडा धरून अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरले. नवऱ्याने रिक्षा आणून ठेवली होती, सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. शिफ्टभर उभी राहिले. दोन वाजता मांडीत अशी कळ उठली की टेबलाची कड धरून डोळे मिटून घेतले, पण बसले नाही. दोन पिना नापास केल्या, ऑपरेटर कुरकुरला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. साडेतीनला मालक टेबलापाशी आले. "उद्या वेळेवर या," एवढंच म्हणाले.

जिंकले होते मी. रिक्षातून उतरले, पाय सुजून भोपळा झालेला, आणि वर कधी एकदा जाऊन आडवी होते असं झालं होतं. एकेक पायरी करत दुसरा मजला गाठला. वळणावर बघते तर आत्या पायरीवर बसलेल्या. पायात चपला, डोक्यावर पदर नीट घेतलेला. शेजारी कुणी नाही. तिसऱ्या मजल्यावरून तिथवर त्या बसत बसत, एकेक पायरी सरकत आल्या होत्या.

"आत्या! अहो, पडला असता म्हणजे? कुठे निघालात?"

"खाली."

"खाली कशाला? काय पाहिजे ते सांगायचं, मी आणलं असतं."

"चार वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळी आनूनच देता. तू चार महिने बसली तर घर डोक्यावर घेतलं. मला कोनी इचारलं नाय, आत्या, खाली यायचं का."

अकरा आठवडे ही बाई रोज माझ्या समोर बसून माझा पाय मोजत होती, आणि तिचा गुडघा किती वाकतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. वर माझा पलंग वाट बघत होता. मी पिशवी कठड्याला अडकवली, पाठ फिरवली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसकण मारली.

"चला खाली," म्हटलं, "माझ्या खांद्यावर हात ठेवा."